शिकारीचा वाटा

मुलीच्या शाळेसाठी बायको तिला घेऊन नाशिकला परत गेली आणि इथे परदेशात, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये, मी एकटा उरलो. जहाजदुरुस्तीच्या यार्डातली इंजिनिअरची नोकरी सोडण्यासारखी नव्हती. आठवडा कामात निघून जाई, रविवार मात्र सरता सरत नसे.

अशाच एका रविवारी जवळच्या बुकित पंजांग भागातल्या एका मैदानात काही माणसं धनुष्यबाणाचा सराव करताना दिसली. मी कुंपणाची जाळी धरून उभाच राहिलो. माझं लहानपण जव्हारच्या डोंगरात गेलं. आमच्याकडे कोयता-कुऱ्हाडीसारखंच धनुष्यही घरातलं एक अवजार होतं. काकांनी मला बांबूचं छोटं धनुष्य करून दिलं होतं आणि त्याने मी ससा मारला होता. पुढे आश्रमशाळा, मग पॉलिटेक्निक, मग बोटीवरची नोकरी. तिशीपासून तर धनुष्याची आठवणही निघाली नव्हती.

मी तिथे जाऊ लागलो. शिकवणाऱ्याने नेम धरायची खूण लावलेलं धनुष्य हातात दिलं, तेव्हा ती खूण काढून टाकायला मी सांगितलं. दुसराच बाण मधोमध लागला. कुठे शिकलास, असं त्याने विचारलं. गावाकडे, म्हणालो. बोलणं तेवढ्यावरच संपलं. काही महिने मी नेमाने गेलो, पण बाण लागला तरी समोरचा कागद जागचा हलत नसे. घरी परतताना रिकामंच वाटायचं.

तिथे बाकावर एक मलय म्हातारा येऊन बसायचा. निवृत्त वेल्डर, बायको वारलेली. सगळे त्याला अंकल म्हणत, मीही म्हणू लागलो. त्याचं बालपण पुलाउ उबीन बेटावर गेलं होतं आणि बहीण अजून तिथल्या जुन्या घरात राहत होती. तिथे रानडुकरं आहेत, हे मी ऐकून होतो. एकदा धनुष्य घेऊन जावंसं वाटतं, असं मी त्याला बोलून गेलो.

"धनुष्य घेऊन बोटीत चढलास तर मी तुझ्याबरोबर येणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुरुंगात जाशील." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "खेकडे धरता येतात का तुला?"

पुढच्या रविवारी आम्ही छोट्या बोटीने बेटावर गेलो. ओहोटी लागली होती. खारफुटीच्या चिखलात त्याने माझ्या हाती लोखंडी आकडा दिला. बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल असेल तर खेकडा आत असतो, हे मला सांगावं लागलं नाही. आकडा हळूच आत सरकवला. आत खरखर झाली, मग ओढ लागली. श्वास रोखून मी आकडा मागे घेत गेलो आणि हिरवट-काळा खेकडा बाहेर आला. दुपारपर्यंत आम्ही बरेच खेकडे धरले.

परतताना एक रानडुकरीण पिल्लांना घेऊन समोरून गेली. वारा आमच्याकडे येत होता, तिला आमचा वास लागला नाही. माझा उजवा हात आपोआप कानापर्यंत आला होता. अंकलने तो पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली.

डॉक्टरांनी त्याचे खेकडे बंद केले होते. दोन खेकडे बहिणीला देऊन बाकीचे त्याने माझ्याकडेच दिले. संध्याकाळी मी काकांना फोन लावला. ते खूश झाले. बीळ कसं होतं, आकडा कसा होता, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "वाटे किती झाले?"

"कसले वाटे, काका? मी एकटाच आहे."



"आपल्याकडे कुत्र्याचाही वाटा निघायचा," ते म्हणाले. "विसरलास होय रे?"

फोन ठेवून मी रस्सा केला. एका वाडग्यात काढला आणि शेजारचं दार वाजवलं. तिथे एक चिनी आजी राहत. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. लोखंडी जाळीच्या आडूनच त्यांनी सांगितलं, आज पौर्णिमा, आज त्या शाकाहारी. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. तो रस्सा मी एकट्याने दोन दिवस खाल्ला.

पुढच्या खेपेला मी तिथी पाहून गेलो. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला, थँक यू म्हणाल्या आणि दार लावलं. सकाळी तो धुतलेला वाडगा प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या दाराला अडकवलेला होता. असं वर्षभर चाललं. आमच्यात याहून जास्त बोलणं कधी झालं नाही, तरी त्या वाडग्याची मी वाट पाहत असे.

मग अंकल मुलाकडे सीमेपलीकडे जोहोरला राहायला गेला. त्यानंतर मी एकदाच उबीनला गेलो, एकटा. पाणी ओसरलं होतं, बिळं ताजी होती, पण सोबतीला कुणी नसताना आकडा आत घालावासा वाटेना. आकडा चिखलात रोवून मी भरती येईपर्यंत बसून राहिलो आणि काही न धरताच बोटीकडे निघालो.