गायरानाचा रंग

शेवगाव तालुक्यात शहाण्या माणसाला वेड लावेल असा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे निवृत्त तलाठी आबा. तालुक्याच्या पर्यावरण आराखड्यासाठी आम्ही सहाजण इंटरनेटवरचा एकच नकाशा मिळून रंगवत होतो. उपग्रहाचा फोटो बघायचा आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला शेती, झाडं, गवत, पाणी, वस्ती किंवा पडीक यांतला एक रंग द्यायचा. एकानं दिलेला रंग दुसऱ्याला बदलता येतो. ही सोय मी आबांना सांगायलाच नको होती. त्यांना गट नंबर तोंडपाठ, म्हणून मीच हौसेनं त्यांना घेतलं. ते मोबाईल सातबाऱ्यासारखा दोन्ही हातांत धरत आणि आमच्या चुका काढत. प्रत्येक तुकड्याखाली शेरा ठरलेला: ‘समक्ष पाहिले. विहीर आहे. पाणी गोड.’ एकदा त्यांनी वादातल्या जमिनीसाठी वेगळा रंग मागितला. मी म्हटलं, “आबा, निम्मा तालुका त्याच रंगाचा होईल.”

“हू द्या की. खरं हाय ते.”

मी नकार दिला, तर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

कहर झाला तो गायरानावरून. मी त्याला पडीक म्हणून राखाडी रंग द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत आबांनी ते गवताचं हिरवं करून टाकायचं, असं चार दिवस चाललं. पडीक ठरलं तर तिथे कुंपण घालून झाडं लावणार आणि मेंढरांची चराई बंद होणार, हे मलाही कळत होतं. पण फोटोत गवताची काडी दिसेना, त्याला मी काय करू? नकाशा पाठवायच्या दिवशी मी तणतणत गायरानावर गेले. आबा भर उन्हात उभे होते.

“फोटू कवाचा?”

“याच मे महिन्याचा.”

“मग गवत कुठनं दिसंल? खाली वाका.”

वाकले. वाळलेल्या गवताची खुंटं हातभर अंतरावर सगळीकडे होती आणि मधून लेंड्या पडलेल्या.

“तुमची मेंढरं आहेत का, आबा?”

“एक न्हाई. पर मेंढरंवाल्याला मोबाईल दावून इचारलंय का कुनी?”

मी तिथेच उभ्या उभ्या गायरान हिरवं केलं आणि नकाशा पाठवला. कुंपण आलं नाही.

भाद्रपदात त्यांनी मला पुन्हा बोलावलं. गुडघाभर गवत, त्यात दोन कळप. या छळवादी माणसाची मला एकदम माया आली. “आता काढा फोटू,” ते म्हणाले, “आन् घाला नकाशात.”

“नकाशा कधीच पाठवला, आबा. आता पुढच्या वेळी.”

“चालंल. तवा समदं गायरान मीच रंगवनार,” असं म्हणत काठी टेकून ते दम खायला खाली बसले.

पुढचा नकाशा पाच वर्षांनी होणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.