आईची पाऊणकी आणि नागावचा समुद्र

"समुद्र काय पळून जातोय का गो? पुढच्या वर्षी जाऊ."

हे वाक्य मी आईकडून गेली वीस वर्षं ऐकतेय. आमचं गाव माणगावच्या आत, डोंगराच्या अंगाला. समुद्र गाडीने अडीच तासांवर. पण भातशेतीच्या घरात सुट्टी कसली डोंबलाची! लावणी झाली की बेणणी, कापणी झाली की झोडणी, मग वाल, आणि बारा महिने तेरा काळ म्हैस. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या माझ्या सदुसष्ट वर्षांच्या आईनं टीव्ही सोडून कुठेच समुद्र पाहिला नव्हता.

डिसेंबरात आमच्याकडे पनवेलला आणून तिचे डोळे दाखवले. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा थेंबांवर किती दिवस धरेल ते डॉक्टरांना सांगता येईना. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी नवऱ्याला म्हटलं, "नीलेश, जानेवारीत समुद्र. आता पुढचं वर्ष वगैरे काही नाही."

मी शाळेत सहलींची आखणी करणारी बाई, त्यामुळे वहीच काढली. आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली, आमच्या दहा वर्षांच्या तनूसाठी स्विमिंग पूल, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. नागावला असं रिसॉर्ट सापडलं. आता तारीख. आई सोमवार-गुरुवार मासे खात नाही, एकादशीला नाही, संकष्टीला नाही, पौर्णिमेला नाही. समुद्रावर जायचं आणि मासे नाही खायचे? भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून तिनं आणि मी फोनवरून तासभर खल केला. शेवटी शनिवार-रविवार मिळाले. गुरुवारी पौर्णिमा होऊन गेलेली, सोमवारी संकष्टी, मधल्या फटीत आम्ही. काय खूश झाले होते मी स्वतःवर!

शुक्रवारी गावी मुक्काम करून शनिवारी आठला निघालो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आले नाहीत. "म्हैस काय तुझ्या रिसॉर्टात बांधू?" म्हणाले. रस्ता सांगते: माणगाव, कोलाड, रोहा, मग चणेऱ्यावरून साळाव आणि पूल ओलांडला की रेवदंडा, पुढे नागाव. मुंबईकडून येणाऱ्यांना वडखळ-अलिबाग सोयीचं, पण दक्षिणेकडून येत असाल तर हाच रस्ता घ्या. मधेमधे खड्डे आहेत, गर्दी मात्र नाही. पुलावर नीलेशनं गाडी हळू केली. "आई, ती बघा खाडी, होड्या लागल्यात." आईनं काचेला नाक लावलं. "व्हय, व्हय," म्हणाली, पण ती चुकीच्या बाजूला बघत होती.

रिसॉर्ट छान होतं. नारळ-सुपारीच्या वाडीत खोल्या, मागे भिंत, भिंतीपलीकडे सुरूची झाडं आणि किनारा. खोली बाराला मिळाली. एक वाजता जेवणाची रांग. पनीर, नूडल्स आणि एक सुरमईचं कालवण, ते मात्र झकास. भात पाहून आई म्हणाली, "ह्या तांदळाला वासच न्हाय. जुना हाय, त्यात पॉलिश मारलेला." वाढणारा बिचारा ओशाळला. जेवून एसीत झोप, मग तनूचा पूल, चहा, आणि साडेपाचला आम्ही नटूनथटून सूर्यास्ताला.

समुद्र नव्हताच.

म्हणजे होता, पण लांब तिकडे, क्षितिजाला चिकटलेल्या पट्टीसारखा. मधे नुसती ओली वाळू, घोडागाड्या आणि आदल्या लाटांचा गाळ. आई माझा दंड धरून वाळूतून चालली. गुडघे बोलायला लागले तशी थांबली. तिन्हीसांजेला तिला असंही धूसर दिसतं.

"कुठं हाय गो?"

"समोरच आहे, थोडा लांब गेलाय."

"असू दे. वारा तर त्याचाच हाय ना," ती म्हणाली. माझी समजूत काढत होती ती! मला इतका राग आला, समुद्राचाच आला म्हणा ना.

म्हटलं, सकाळी लवकर गाठू. रविवारी सातला पुन्हा गेलो. पुन्हा तेच. पाणी आणखीच लांब. आईनं पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं होतं, ते चाचपत उभी राहिली. सुरूखाली एक मावशी शहाळी रचत होत्या. मी वैतागून त्यांनाच विचारलं, "तुमचा समुद्र कायम असाच असतो का हो?"

मावशी हसायलाच लागल्या. "समिंदर बरोबर हाय, तुमची येळ चुकलीय. तिथी बघून न्हाय का आलात?"

"तिथी बघूनच आलो!" मी ठणकावलं.

"मंग आज काय?"

"तृतीया," आईनं तत्काळ सांगितलं. "उद्या संकष्टी."

"पाऊणकी येते का, बाय?"

आईची शाळा चौथीपर्यंत. पण तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असल्याशिवाय गुरुजी घरी सोडत नसत. आई वाळूत ताठ उभी राहिली आणि सुरूच केलं, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..."

"बस. तीन पाऊण सव्वादोन. आज सव्वादोनला भरती पुरी. पुनवेनंतरचं उधाण हाय, पार हितं सुरूपातूर येतंय पाणी. तवा या."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. इथल्या पोरासोरांनाही हे माहीत. आणि आम्ही शहाण्यांनी त्याच कॅलेंडरात उपास पाहिले, पौर्णिमा पाहिली, समुद्र पाहिला नाही! काल द्वितीया. दोन पाऊण दीड. दीड वाजता समुद्र भिंतीपलीकडे तुडुंब भरला होता आणि आम्ही पनीरच्या रांगेत उभे होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खोली अकराला सोडायची होती. नीलेशचा हिशेब असा की बाराला निघालो तर आईला सोडून रात्रीच्या आत पनवेल. त्यात आईच म्हणाली, "राहू दे गो. अण्णा एकटेच धार काढतायत. पुढच्या वर्षी..." आणि पदराचं टोक उलगडून पुन्हा बांधायला लागली. मला रडू आलं, लपवलंही नाही. नीलेशनं मुकाट्यानं बॅगा उचलल्या, रिसेप्शनवर ठेवल्या आणि म्हणाला, "सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकतो."

जवळच एका घरगुती खानावळीत जेवलो. बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी. माणशी अडीचशेच्या आत भरपेट, रिसॉर्टच्या जेवणाहून शंभर पटीनं सरस. एकला सुरूखाली येऊन बसलो. तनूनं वाळूत काठीनं रेघ मारली. पाण्यानं ती पुसली. मागे सरून दुसरी मारली. तीही पुसली. दोनच्या सुमाराला आई चपला काढून उभी राहिली.

डोक्यावर रणरणतं ऊन. पर्यटक सगळे आत, एसीत. पण आईला दिसतं ते अशाच लख्ख उजेडात, हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, तेव्हा कळलं. पहिली लाट पावलांवरून गेली. दुसरी गुडघ्यांवर आपटली. आईनं माझा हात घट्ट धरला आणि ओरडली, "दिसतंय गो! पांढरं पांढरं हलतंय! केवढं हाय हे! संपतंय कुठं?"

"नाही संपत, आई."

मग तिनं पदराची गाठ सोडली. मूठभर नवे तांदूळ. घरचे. "पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं तर मोकळ्या हातानं कसं जायचं?" म्हणाली आणि लाटेवर सोडले. आम्ही तासभर पाण्यात होतो. नऊवारी चिंब भिजली, गाडीची सीट अजून खारट वास मारते. निघताना मावशींना सांगायला गेलो तर त्यांनी शहाळ्याचे पैसे घेतले, गणिताचे नाही घेतले.

तर जाणाऱ्यांनो, खोली, पूल, जेवण सगळं बघा, पण आधी भरतीची वेळ बघा. पाऊणकी येत नसेल तर ती वेळ मोबाइलवर मिळते.

या गोष्टीला आता तीन महिने होतील. मागच्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. डावा डोळा आणखी उतरलाय. आईला कॅलेंडरातले आकडे आता दिसत नाहीत. मी त्याच काळजीत होते, तर परवा शाळेतून येताना तिचा फोन आला.

"किती वाजले गो तुझ्यात?"

"पावणेचार. का? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? आज पंचमी. काल संकष्टी सोडली ना मी? पाच पाऊण पावणेचार." मग म्हणाली, "आत्ता बघ, पाणी सुरूपाशी आलं असंल."