घरघरीचं बटण

आमचे काका रेकॉर्डिंगवाले. गाणाऱ्याच्या आवाजाला घुमारा देणारं त्यांचं यंत्र कपाटाएवढं होतं, आणि त्याची मेली घरघर थेट गाण्यात उतरायची. ती घालवायला काकांनी तीस वर्षं तारा बदलल्या, पत्रे आवळले, काकूंची बोलणी खाल्ली. घरघर काही हटली नाही. शेवटी यंत्र हलवता हलवता कंबर धरली, तेव्हा त्यांच्या लेकीनं त्याच यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "हुबेहूब आहे गं. पण हे बटण कसलं?"

"घरघरीचं, बाबा. हवी तेवढी वाढवता येते. लोक मुद्दाम घालतात, त्यांना आवडते."

 काका चष्मा काढून म्हणाले, "आधी सांगायचं ना कुणीतरी."