मायाप्पा मॅट्रिक

आमच्या वर्गातून मॅट्रिक झालेले कुणी वकिलाकडे चिकटले, कुणी गिरणीच्या हापिसात. मी सोलापुरातच कचेरीत कारकून झालो. मायाप्पा तेवढा मेंढरांमागे गेला. चोवीस साली निकाल लागला आणि त्याच महिन्यात त्याचा बाप वारला. शंभरावर मेंढरं होती, ती कोण बघणार? त्याच्या गावच्या, वळसंगच्या लोकांनी त्याचं नावच ‘मॅट्रिक’ पाडलं.

शाळेत त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणत. मी बसलो, तो काही मोठ्या मनानं नव्हे. गणितात मी ठार ढ आणि तो हुशार, एवढंच कारण. परीक्षेआधीचे दोन महिने त्यानं माझ्यापायी घालवले. स्वतःचा अभ्यास कधी केला देव जाणे. त्याला माझ्या दीडपट मार्क पडले आणि नोकरी मला लागली.

दर साली शिमग्याच्या सुमाराला ज्वारीची रानं मोकळी झाली, की त्याचा कळप अक्कलकोटच्या रस्त्यावर एका ठरलेल्या रानात येऊन बसे. मेंढरांचं खत रानाला, त्याबदल्यात ज्वारी धनगराला, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. मी संध्याकाळी तिकडे चालत जायचो. बायको पहिल्या बाळंतपणात गेल्यापासून मला ‘अरे शिव्या’ म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा मी शिवयोगीराव. कळप पंधरा दिवस असायचा, आणि त्या पंधरा दिवसांच्या जोरावर मी उरलेलं वर्ष काढायचो. हे त्याला मी कधी सांगितलं नाही.

एकतीस साली मी दोन दिवस फिरकलो नाही, म्हणून तो स्वतःच कचेरीत आला. खांद्यावर घोंगडं, उपरण्यात भुईमुगाच्या शेंगा. दारातूनच ओरडला, “अरे शिव्या!”

नेमके साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. मला नोकरीत कायम करण्याचा हुकूम त्यांच्याच सहीसाठी पडून होता.

“हा कोण?” साहेबांनी विचारलं.

वर्गातला मित्र, एवढंच म्हणायचं होतं.

“गावाकडचा धनगर आहे, साहेब. तोंडओळखीचा,” मी म्हणालो, आणि त्याला म्हटलं, “बाहेर थांब रे.”

मायाप्पानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. ज्याचे इंग्रजी निबंध हेडमास्तर दुसऱ्या वर्गांत वाचून दाखवत, तो हात जोडून म्हणाला, “व्हय सायेब. मेंढरामागं असतो मी.” माझी लाज त्यानंच झाकली. पाच वाजता बाहेर आलो, तर पायरीवर शेंगा होत्या, तो नव्हता. दुसऱ्या दिवशी रानात गेलो, तर कळपही हललेला.

वळसंग काही विलायतेत नाही. पण मी गेलो नाही. मेंढरं रान चुकत नाहीत, पुढल्या शिमग्याला येतीलच, तेव्हा त्याचे पाय धरीन, अशी मनाची समजूत घातली. भ्याडाला निमित्त पुरतं. नोकरीत कायम झालो, त्या दिवशी पेढा कुणाला द्यावा हे सुचेना. काय बोलायचं ते मात्र वर्षभर घोकलं.

कळप आला, त्याच रानात आला. काठी घेऊन पुढे त्याची बायको केराबाई होती; एरवी ती वळसंगलाच असायची. तिचं कपाळ उघडं दिसलं आणि मला कळायचं ते कळलं.

“शिवयोगीदादा तुमीच न्हवं का?” ती म्हणाली. “श्रावणात पटकी झाली. दोन दिसांत मानूस गेलं.”

ती रडून मोकळी झाली होती. मी ढेकळात बसलो आणि तिच्यासमोर हुंदके देऊन रडलो.

तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, “लई सांगत व्हते तुमचं. गेल्या साली कचेरीत आल्ते की. तुमी सायबाम्होरं हुबं ऱ्हाऊन त्यास्नी आपल्या खुर्चीवर बसिवलं, च्या पाजला, आन् सायबाला म्हनला, ह्यो माझ्या वर्गातला, ह्याच्यामुळं मी पास झालो. गावातली लोकं हसायची त्यास्नी, मॅट्रिक हून मेंढरं राखतोय म्हनून. माझा दीर तर आजून म्हनतोय, समद्या थापा हायत्या. दादा, खरंच बसिवलं व्हतं का?”

वर्षभर घोकलेलं सगळं ओठांवर आलं. खरं बोललो असतो तर मी सुटलो असतो, आणि तो मेल्यावर खोटा पडला असता.

“बसवलं होतं,” मी म्हणालो. “दिराला सांगा. चहासुद्धा पाजला होता.”