टेबलावर न गेलेले तीन झेंडे

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाचं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. हॉटेलांच्या चादरी, पडदे शिवतो. एकदा हॉटेलातून निरोप आला: शेजारी देशांची बैठक आहे, टेबलावर ठेवायचे झेंडे हवेत.

दादा आमच्या केरीच्या देवळात गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्यात आधी गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाचं नाव घ्यायचं आणि तेरेखोल नदीपलीकडच्या देवालाही वगळायचं नाही. झेंडेही त्यानं त्याच हिशेबानं शिवायला घेतले. देशाच्या सीमेला लागलेला पहिला, मग बाकीचे. कुठले शेजारी, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी हॉटेलचा माणूस आला. त्यानं पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मालदीवचे झेंडे बाजूला सारले. हे ज्या गटात आहेत तो आता मागे पडला, म्हणाला. देशाचं लक्ष बंगालच्या उपसागराभोवतीच्या गटाकडे आहे. म्यानमार आणि थायलंडचे झेंडे संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर पुढचं काम विसरा.

माझं डोकंच फिरलं. दादावर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि कापड फाडायला बसले. थायलंडचे पट्टे मी उरकले. म्यानमारचा तारा आमच्याकडच्या बेळगावच्या बाईनं बसवला. तिचा धाकटा भाऊ सैन्यात, तेव्हा पाकिस्तानच्या सीमेवर होता. बाजूला सारलेल्या झेंड्यांकडे ती बघतही नव्हती.

नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका मात्र जागचे हलले नाहीत. जुन्या गटात होते, नव्यातही होते. आम्ही अरबी समुद्राकाठची माणसं, उपसागर शाळेच्या नकाशात पाहिलेला. एवढा मोठा देश कूस बदलतो आणि त्याची हालचाल तुयेतल्या आमच्या कात्रीपर्यंत पोचते, याचं मला आजही नवल वाटतं.

दिवेलागणीला खोकं भरलं. माल बाहेर पडण्याआधी दादा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतोच. दर मागण्याला 'होय महाराजा' म्हणायला आम्ही हात जोडून उभ्या राहिलो. काम पदरात पडू दे, म्हणून झालं आणि तो थांबला. उरलेले तीन झेंडे त्यानं नीट घडी करून नारळाशेजारी ठेवले.

"आज ज्यांका बोलावणा नाय, त्यांकाय सुखान ठेव रे म्हाराजा. शेजार काय कोणाक बदलूक येणा नाय."

मी बेळगावच्या बाईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"होय महाराजा," पहिल्यांदा तीच म्हणाली.