पट्ट्यावरची पांढरी रेघ

"तो सोडा. बायकांचा पट्टा हा."

सेन्सेई, म्हणजे आमचे ज्युदोचे गुरुजी, सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांच्या हातात काळा पट्टा होता, मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ. माझ्या कमरेला साधा काळा. भारतात हाडं मोडून घेऊन कमावलेला. शाळकरी पोरं गुडघ्यांवर बसून बघत होती. मी स्वतःच्या हातांनी माझा पट्टा सोडला. वरून वाकून आभारही मानले. मग मला रांगेत शेवटी बसवलं, काळ्याहून खालच्या, तपकिरी पट्ट्याच्या पोरांच्याही खाली.

शेवट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. गावच्या शाळेत मास्तर आडनाव ऐकून मागच्या ओळीत बसवायचे. नवऱ्याला आयटी कंपनीने जपानात तोयोसूला पाठवलं, आम्ही तिथल्याच कोतो वॉर्डात राहायला आलो, तर इथल्या मराठी बायकाही चहाआधी आडनाव विचारायच्या. भारतात असतानाच ज्युदोत मी शिरले होते ते याच रागाने. मॅटवर आडनाव विचारत नाहीत, वजन विचारतात. माझं अठ्ठेचाळीस किलोच्या आत.

आणि इथे कमरेलाच खूण बांधली.

रांगेत माझ्या शेजारी साचिकोबाई, इथल्या भाषेत साचिको-सान, बसायच्या. त्याही याच वजनाच्या. जपानकडून खेळलेल्या, परदेशातून पदकं आणलेल्या. गुडघा गेला, खेळ सुटला, आता इथे पोरांना शिकवायच्या. आणि ज्यांना शिकवायच्या त्यांच्याच खाली बसायच्या! पट्ट्यावर तीच रेघ.

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

"यायचा. बाहेरच्या स्पर्धांना साधा पट्टा चालायचा. विमानातून उतरलं की पुन्हा हा." एवढं बोलून त्या पोरांचे उष्टे कप गोळा करायला उठल्या.

ते कप बघून माझं डोकं फिरलं.

घरी नवऱ्याला सांगितलं, पुढच्या स्पर्धेत माझाच पट्टा बांधणार. तो म्हणाला, "अगं, त्यांचा देश, त्यांचे रूल्स. कशाला उगाच पंगा घेतेस?" मी त्याला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

वॉर्डाच्या त्या स्पर्धेसाठी मी वर्षभर घाम गाळला होता, वजनासाठी भात सोडला होता. मला खेळायचं होतं. जिंकायचं होतं. नावनोंदणीच्या टेबलावरचा माणूस माझ्या कमरेकडे बघून म्हणाला, "पट्टा बदला. नाहीतर नाव कापतो."

साचिको-सान धावत आल्या. स्वतःचा रेघेचा पट्टा पुढे केला. "बांधा ना. एवढ्यापुरता." डोळे भरलेले. मला दया नाही आली, संताप आला. जगभरच्या बायकांना पाठीवर पाडणारी ही बाई, आणि घरात मान खाली.

"तुम्ही बांधलात. काय मिळालं?"

त्यांनी पट्टा मागे घेतला. माझं नाव कापलं गेलं. न खेळताच मी घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. रागाने.

पुढच्या शनिवारी साधा पट्टा बांधून गेले आणि माझ्या दर्जाच्या जागी बसले. पोरांच्या वर. सेन्सेईंनी माझ्याकडे पाठ करून सराव सुरू केला. तेव्हापासून माझ्याशी सरावाला कुणी उठत नाही. साचिको-सान अजून शेवटीच बसतात, माझ्याकडे बघत नाहीत. नका बघू. नका उठू. मी दर शनिवारी येणार, याच जागी बसणार. ज्याला हा पट्टा काढायचाय त्याने समोर यावं, माझी कॉलर धरावी आणि मला पाडून काढावा. माझ्या हातांनी मी तो एकदा सोडला. आता सोडणार नाही.