नहाणीतली वाटी

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गेल्या भाऊबीजेला, दुपारी सव्वाचारला, भांडुपच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. बाबांना ओवाळायला समोरच्या दारातून आलेली आत्या हात धुऊन आमच्या बाथरूममधून बाहेर आली, पदर नाकाला लावला आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "काय गो वहिनी, फिनेल संपला?"

आई हसली. अंधेरीच्या एका ऑफिसात ती साफसफाईचं काम करते. दोन मजल्यांची बाथरूमं तिच्याकडे आहेत, आणि तिच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. त्या बाईला स्वतःच्या घरात हे ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून फरशीवर ॲसिड ओतायला लागली. बोटांची सालं निघाली. वास तसाच. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा नको, असं तिने कॅलेंडरकडे बघत सांगून टाकलं.

आणि समोर आत्याकडे? झोपड्या पाडून बिल्डरने दिलेली तीच बिल्डिंग, तीच पांढरी फरशी, तेवढीच खिडकी. पण आत गेलं की चंदनाच्या साबणाचा वास. मी जळायचे. खोटं कशाला सांगू, आमचं पाणी गेलंय अशी थाप मारून मी त्यांच्या बाथरूममध्ये शिरायचे आणि कडी लावून कोपरे हुंगायचे. कमोडच्या मागे, बेसिनखाली, कुठेतरी कुबट लागावं म्हणून. लागायचं नाही. माझ्याच वयाची आतेबहीण बाहेरून विचारायची, आत झोपलीस काय गं. मला तिच्या आवाजाचाही राग यायचा. घरी आले की तो आईवर निघायचा. "नीट घास ना गं," मी म्हणाले होते. एकदा नाही.

मला एकच काम धड येतं, पत्रक लिहायचं. मग लिहिलं. बिल्डरने एका बाजूच्या खोल्यांना चांगले पाइप दिले, दुसऱ्या बाजूला भंगार. आणि चांगली बाजू नेमकी कमिटीवाल्यांच्या वाट्याला कशी आली, असा सवाल केला. कमिटीवर आत्याचे मिस्टर आहेत हे आमच्या बिल्डिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाव लिहायची गरजच नव्हती. प्रती दारांखालून सरकवल्या, एक लिफ्टशेजारी खळीने चिकटवली.

संध्याकाळी ती लिफ्टशेजारची प्रत आतेबहिणीच्या हातात होती. अजून ओलीच. आमच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "चल, दाखव तुझा भंगार पाइप."

मी बाथरूमकडे हात केला. ती उकिडवी बसली आणि नहाणीची जाळी नखांनी उचकटली. खाली नुसतं काळं भोक. वास थेट तोंडावर आला.

"वाटी कुठंय?"

"कसली वाटी?"

मनगट धरून तिने मला त्यांच्याकडे नेलं आणि त्यांची जाळी उचलली. आत पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची एक वाटी पालथी घातलेली, तिच्या कडेभोवती पाणी. गटाराची हवा त्या पाण्यापाशी अडते, वर येत नाही. इतकंच. गावाहून परत आलं की ते पाणी सुकलेलं असतं, तेव्हा दोन तांबे ओतायचे, हेही तिने सांगितलं. वर म्हणाली, एवढं पत्रकात छापलं असतंस तर लोकांच्या उपयोगी पडलं असतं.

वाटी बघताक्षणी मला कळलं आमची कुठे आहे. राहायला आलो त्याच महिन्यात कपडे धुताना पाणी तुंबायचं. केस अडकतात म्हणून मीच ती उपटून काढली होती. पाणी भसकन गेलं तेव्हा स्वतःची केवढी हुशारी वाटली होती. टाकवेना, म्हणून ठेवली. गेली दोन वर्षं मी तिच्यात खळ कालवत होते. ते पत्रकही तिच्यातल्याच खळीने चिकटलं होतं.

वाळलेली खळ खरवडायला अर्धा तास लागला. वाटी बसवली, पाणी ओतलं. दुसऱ्या सकाळी वास नव्हता. आईने ॲसिडची बाटली उघडली, जरा थांबली, पुन्हा बूच लावलं.

"म्हणजे मी घासत होते ते नीटच होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. त्याच्या पुढचं, वाटी मीच काढली होती हे, तिला सांगायला मला दोन दिवस लागले. चूक कबूल करणारं पत्रक मी लिफ्टशेजारी त्याच जागी लावलं. आत्याचे मिस्टर अजून माझ्याशी बोलत नाहीत. आतेबहिणीवर मी अजूनही जळते. आता साबणावरून नाही, तिने जाळी उचलून बघितली होती आणि मी नाही, यावरून. हळदीकुंकू झालं. आत्या आली, हात धुवायला आत गेली, पदराला हात पुसत बाहेर आली. आईला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. तो आला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचणं बाजूला ठेवा आणि तुमच्या नहाणीची जाळी उचला. वाटी नसेल तर आजच आणून बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि 'नीट घास' असं जिला म्हणाला असाल तिच्यासमोर उभे राहून, तिचं काही चुकलं नव्हतं, हे तोंडाने म्हणा.